सखाला काय लागलं?

१. वारं लागलं

"आवळीच्या पाड्यावरच्या सखाला लागलं," दूध घालायला आलेली बाई दारातच म्हणाली, आणि माप माझ्या भांड्यात रिकामं करून मागं न बघता निघून गेली.

मी बदलापूरच्या शाळेत मास्तर. वैशाखातली सुट्टी चालू होती. शब्द गोळा करायचं मला व्यसन, आणि त्यातही 'लागणे' या एका शब्दानं माझा पिच्छा पुरवला होता. माणसाला भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, आणि कुणाचा बोल लागला की तोच डोळा काही केल्या लागत नाही. आंबा पाडाला लागतो, भांडण लागतं, वाटेत गाव लागतं. बारवीच्या खोऱ्यात तर सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून साप चावला तरी 'पान लागलं' म्हणतात. एवढा कामसू शब्द. पण पुढंमागं काही न जोडता नुसतं 'लागलं' म्हटलं की अर्थ एकच उरतो, बाहेरचं काहीतरी. तो मोठ्यानं विचारायची कुणाची छाती होत नाही.

थोड्या वेळानं हिंदुराव जमादार दारात उभे राहिले. मूळचे वाईकडचे, बदलापूरच्या चौकीत बदलून आलेले. उंच, संथ, आणि समोरच्याला बोलून बोलून थकू देणारा माणूस.

"चला मास्तर, पाड्यावर. तुम्हाला ठाकरांची बोली येते. मला निम्मी कळते आणि निम्म्यात घोटाळा होतो."

"मला जरा ताप आहे," मी म्हणालो.

"भीतीचा असंल. चाललं की उतरतो."

आवळीचा पाडा म्हणजे बारवी नदीकाठच्या टेकाडावर विसेक झोपड्या. एरवी कोंबड्या, पोरं आणि कुत्री मिळून एवढा कालवा करतात की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. त्या दिवशी भर दुपारी दारं बंद होती. प्रत्येक उंबऱ्यावर विळा आडवा ठेवलेला होता, आणि कुडाच्या फटींतून आमच्याकडं डोळे बघत होते.

सखा तिघा भावांतला मधला, बायको मेलेला, मूलबाळ नसलेला. थोरला भाऊ गेल्या साली तापानं गेला. त्याची बायको चंद्री आणि सखा यांची चूल एक होती. धाकटा सुकऱ्या, त्याची बायको सोनी आणि तान्हं मूल शेजारच्या झोपडीत राहायचे. जमीन एकत्र, पण राब ज्याचा त्याचा. राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. शिमग्याआधी तिथं शेण, पाला, फांद्या रचून ठेवतात आणि वैशाखात जाळून माती भाजून घेतात.

सखा आपल्या जळालेल्या राबाच्या मधोमध पालथा सापडला होता.

प्रेत आदल्या दिवशीच हलवलं होतं. टेकाडामागं, नदीच्या वळणावर त्याचा राब होता. पाड्यातलं कुणी तिथवर यायला तयार होईना, म्हणून आम्ही दोघंच गेलो. राख पांढरी फटक, बोट घातलं तरी खालपर्यंत पिठासारखी, आणि मध्ये माणसाच्या आकाराची काळी जागा. मी नजर वर उचलली तर आणखीच भलतं दिसलं. पूर्वेच्या बांधावरचा करंज राबाच्या बाजूनं पार करपला होता. पश्चिमेच्या बांधावरची जांभळी तेवढ्याच अंतरावर होती, पण हिरवीगार, पानालाही धक्का नाही.

"जमादार, एक झाड खाल्लं आणि एक सोडलं," मी म्हणालो. "हे माणसाचं काम नाही. चला इथून."

हिंदुराव दोन्ही झाडांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "चला. पण घरी न्हाई."

२. दारू लागली

कल्याणच्या साहेबांच्या मते प्रकरण सरळ होतं. माणसाला दारू लागली, पेटत्या राबात पडला, मेला. अपघात म्हणून त्यांनी हात झटकले होते.

"साहेबांना काय, त्यांना सावलीत बसून सगळं सरळच दिसतं," हिंदुराव म्हणाले. "सखानं भाऊ मेला तेव्हापासून दारू सोडली होती. सगळा पाडा सांगतो. आणि चटका बसला की झिंगलेला माणूससुद्धा गडबडा लोळतो. हा पडला तसा पडून जळला. म्हणजे आग लागली तेव्हा त्याला शुद्ध नव्हती, किंवा जीवच नव्हता."

त्याच्या कवटीला मागून चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, आगीनंही तडकते. तिथं काही ठरेना.

आम्ही सुकऱ्याला बाहेर बोलावलं. तिशीचा, काटक गडी; रडून डोळे सुजलेले.

"राब रात्री पेटला, सायेब," तो म्हणाला. "मी सांजच्याला खरवईला लग्नाला निघालो, तवा सखादादा राबाच्या बांधाव बसला व्हता. राब तसाच व्हता, पाला न् फांद्या. मी म्हनलो, चल लग्नाला. नाय बोलला. मंग रातभर मी लग्नातच व्हतो. ढोल मीच वाजवला, कोनालाबी इचारा."

"त्या दुपारी काय केलंस?"

"सगळ्यांनी केला तोच धंदा. राबाचा. समद्या खोऱ्यात धूरच धूर व्हता त्या दिशी."

"आणि रात्री राब कुणी पेटवला असंल?"

सुकऱ्यानं उंबऱ्यावरचा विळा पायानं सरळ केला. "रातचा राब मानूस पेटवीत नाय, सायेब," तो म्हणाला आणि आत गेला.

३. नजर लागली

माणूस पेटवत नाही तर कोण पेटवतं, ते सोनीनं सांगितलं. अंगावर तान्हं होतं म्हणून ती लग्नाला गेली नव्हती.

"रातचं पोर रडाय लागलं, मी भायेर आल्ये. टेकडाच्या टोकावरनं खाली बघितलं, तर सखाभावजींच्या राबात लाल लाल दिसं, न् मधी थोरली हुबी. केस मोकळं. हातात काठी. राख उकरीत व्हती." सोनीचे दात वाजत होते. "तिचा दादला तिनंच खाल्ला. आता ह्यो. आता माझं पोर ऱ्हायलंय."

ती खोटं बोलत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळंच.

चंद्री शेवटच्या झोपडीत, भिंतीला पाठ लावून बसली होती. तिच्या दारावर कुणी विळा ठेवला नव्हता. उलट बाहेरून उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली होती, तिनं ओलांडू नये म्हणून. घरातला हंडा पालथा होता. दोन दिवस तिला नदीवर जाऊ दिलं नव्हतं आणि कुणी घोटभर पाणीही दिलं नव्हतं. माझ्या तांब्यातलं पाणी तिनं एका दमात संपवलं.

"व्हय, गेल्ये व्हत्ये राबाव," ती म्हणाली. "मी दिसभर उल्हासनगरला, कॅम्पात. कैऱ्या इकाया गेल्ये ती सिंधीन बाईनं ठिवून घेतली, लोनचं घालाया. आल्ये तवा रात झालती. भावजी घरी नायत. लग्नाला गेलं म्हनावं, तर नवी बंडी खुटीला. मंग राबाव गेल्ये. राब जळून गेलता, नुसता इस्तू ऱ्हायला व्हता. काठीनं उकरलं न्..." तिनं हात तोंडावर दाबला.

"मग ओरडली का नाहीस?" मी विचारलं.

"वरडून काय सांगू, गुर्जी? दादला मेला तवाच लोकं म्हनत व्हती, हिची नजर लागली. तवा सखाभावजी आडवं पडलं, म्हनून वाचल्ये. आता आडवं पडाया कोन हाय?"

उद्या सांजेला देऊ भगत तांदूळ बघणार होता. सुपात तांदूळ टाकायचे, दिवा लावायचा, आणि मग तो नाव घेणार. नाव घेतलं की ती बाई भुताळी. गेल्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या पाड्यावर एका म्हातारीचं नाव निघालं होतं. ती पुढं डोहात सापडली आणि पाय घसरला असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

हिंदुरावांच्या हाताखाली एकच शिपाई होता, आणि तोही त्याच रात्री कपाळाला अंगारा लावून आला.

"उद्या दिवे लागायच्या आत सांगता आलं पाहिजे, मास्तर," हिंदुराव म्हणाले. "न्हाईतर ही बाई जाती."

४. झळ लागली

सकाळी आम्ही अंबरनाथ पूर्वेला दौलतराव कंत्राटदारांकडं गेलो. सखाला त्यांनी भर बाजारात दम दिला होता, हे साऱ्यांना माहीत होतं. विटांच्या भट्टीसाठी त्यांना ती नदीकाठची जमीन हवी होती.

"दम दिला. बरोबर," दौलतराव पानाची पिंक टाकत म्हणाले. "मला तुकडा एकसंध पाहिजे, अर्धामुर्धा घेऊन तिथं काय तुळस लावू? सुकऱ्या तयार होता. त्याला म्हटलं होतं, जमीन मिळवून दे, तुला इथल्या कारखान्यात चिकटवतो. पण सखा आणि ती विधवा ऐकेनात. विषय संपला. मी दुसरीकडं जागा बघितली."

"सखा मेला त्या दिवशी कुठं होता?"

"दुपारी भट्टीवर एकटाच. संध्याकाळनंतर इथं, चार माणसांत पत्ते."

हिंदुरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या भट्टीवरचं गवत जाळता, ते कसं पेटवता हो?"

दौलतराव हसले. "कसं म्हणजे? वारा पाठीशी घ्यायचा आणि काडी टाकायची. भुर्रकन जातं."

तिथून उल्हासनगर. लष्कराच्या बरॅकींमध्ये निर्वासितांनी बसवलेला तो संसार आता चांगलाच रुळला होता. खाटांवर पापड वाळत होते, गल्लीभर मोहरीचा आणि हिंगाचा वास. चंद्रीनं सांगितलेली ती सिंधीण, ईसरीबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चंद्री? सुबह से इधरिच बैठी थी, साईं. आम काटा, नमक लगाया, मेरे साथ रोटी खाया. शाम का बत्ती जलाया ना, तब गई." मग तिचा आवाज बदलला. "क्या हुआ उसको?"

मी म्हणालो, अजून काही नाही.

"बाई सुटली का?" रस्त्यात मी विचारलं.

"कशानं? पाडा म्हणतो आग रात्री लागली. रात्री तर ती तिथंच होती, ती स्वतःच सांगती."

परतताना खरवईच्या शिवारात धूर दिसला आणि हिंदुराव बांधावरच बसले. एक शेतकरी मागं राहिलेला राब पेटवत होता. ऊन कलायला लागलं होतं, आणि हे आपले जत्रा बघायला आल्यासारखे बसलेले. पश्चिमेकडून, खाडीकडून वारा येत होता. शेतकऱ्यानं पूर्वेच्या टोकाला आग दिली. आग वाऱ्याशी भांडत इंच इंच मागं सरकू लागली. तो हातात हिरवा डहाळा घेऊन बांधाबांधानं फिरत होता आणि गवताकडं गेलेली ठिणगी झोडपून विझवत होता.

"वारा पाठीशी का घेत न्हाई?" हिंदुरावांनी ओरडून विचारलं.

"वरवर जळंल न् माती कच्ची ऱ्हाईल. भाजाया नको का?"

"हे सोडून पाणी प्यायला येतोस का इकडं?"

शेतकऱ्यानं आमच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "राब पेटवून कोन जातो का, सायेब? शिवार पेटंल."

झळ लागून पूर्वेच्या बांधावरची हिरवी पानं एकेक करून वळत होती. हिंदुरावांनी माझा हात एवढा आवळला की मी कळवळलो.

"मास्तर, रात्री वारा कुठनं येतो हो इथं?"

"डोंगराकडून. पूर्वेकडून." मी म्हणालो, आणि सखाच्या बांधावरचा तो करपलेला करंज माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

"पळा," ते म्हणाले. या माणसाला मी कधी पळताना बघितलं नव्हतं.

५. छडा लागला

पाड्यावर पोचलो तेव्हा दिवा लागला होता. मधल्या मोकळ्या जागेत सारा पाडा बसला होता आणि मधोमध चंद्री, हात मागं बांधलेली. बायकांनी पोरांची तोंडं पदराखाली झाकली होती. देऊ भगत म्हातारा, डोळ्यांत फूल पडलेला. समोर सूप, मुठीत तांदूळ. त्याचं अंग घुमायला लागलं होतं.

"देऊबाबा, थांबा," हिंदुराव धापा टाकत म्हणाले. "तुमच्या देवाच्या कामात मी येत न्हाई. पण माझं ऐका, मग तांदूळ टाका."

गर्दीतून गुरगुरल्यासारखा आवाज आला. दोघातिघांच्या हातात कोयते होते. म्हाताऱ्यानं मात्र मूठ तशीच धरली आणि मान हलवली.

"सखाच्या बांधावरचा पूर्वेचा करंज करपलाय आणि पश्चिमेची जांभळी हिरवी हाय. उद्या जाऊन बघा," हिंदुराव म्हणाले. "रात्री वारा डोंगरावरनं येतो. राब रात्री जळता, तर जांभळी करपली असती. राब दिवसाउजेडी जळलाय, खाडीचा वारा वाहत असताना. तुमच्या सगळ्यांचे राब जळत होते, त्या धुरात तोबी धूर मिसळला. आणि दिवसभर चंद्री उल्हासनगरात एका बाईच्या डोळ्यांसमोर होती. मी आज विचारून आलोय."

"मग कोनी पेटवला?" कुणीतरी विचारलं.

"राख खालपर्यंत पांढरी हाय. वाऱ्याविरुद्ध, सावकाश, नीट भाजलेली. उपऱ्या माणसानं काडी टाकून पळ काढला असता. हे राब भाजणाऱ्याच्या हातचं काम हाय." ते वळले. "सुकऱ्या, सांजेला राब तसाच होता असं तू सांगितलंस. तो तर दुपारीच जळला होता. मग तू बघितलास कुठला?"

सुकऱ्या उभा राहिला. "माझी चूक झाली आसंल, सायेब. ध्यान नसंल."

"असंल. साऱ्या पाड्याचे राब त्या दुपारी जळले. न जळलेला एकच, तुझा. आत्ता येताना बघून आलो. दुपारभर राबाचा धंदा केला म्हणालास, तो कुणाच्या राबाचा?"

"मला या साली भात लावायचाच नव्हता!" सुकऱ्या ओरडला. "कारखान्यात लागनार मी. मग राब कशाला भाजू?"

"शिमग्याआधी तर तूच फांद्या तोडून राब रचलास. तेव्हा लावायचा होता. नोकरी मिळणार होती ती सगळी जमीन गेली तर, आणि सखा जिता असेपर्यंत ती जाणार नव्हती. त्या दुपारी सखा जिता होता असं तूच म्हणतोस. मग त्या दुपारी तुला कसं ठाऊक झालं, की या साली भात लागणार न्हाई?"

सुकऱ्या देऊ भगताच्या मुठीकडं बघत होता. पोलिसांपेक्षा त्याला त्या तांदळांचीच भीती वाटत असावी.

"चिखल तुडवून तुडवून जीव विटला माझा," तो हळू म्हणाला. "दादाला म्हनलो, पाया पडलो. तो हसला. म्हनला, ठाकराचा पोर भोंगा वाजला का पळनार व्हय? हातात कुऱ्हाड व्हती. दांडाच मारला मी. एकच." तो खाली बसला. "मंग वाटलं, राबात जळूनच जाऊदे."

"आणि लगेच पळाला का न्हाईस? लग्नाला दुपारीच गेला असतास, तर कुणाला शंका आली नसती."

सुकऱ्यानं तोंड वर केलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"आग सोडून कसा जाऊ, सायेब? गवत पेटलं असतं. पलीकडं लोकांच्या पेंढ्या व्हत्या." त्यानं डोळे पुसले. "ईझंस्तवर डहाळा घिऊन फिरलो बांधावनं. दादा मधी जळत व्हता न् मी फिरत व्हतो."

हिंदुराव त्याला घेऊन निघाले तेव्हा कुणी हललं नाही. इतका वेळ कडेला उभ्या असलेल्या शिपायानं चंद्रीचे हात सोडले आणि तो त्यांच्या मागं धावला. मी एकटाच राहिलो. मला वाटलं, आता माणसं उठतील, घरी जातील, निदान कुणीतरी चंद्रीला पाणी देईल.

पण दिवा जळत होता, सूप समोर होतं, आणि देऊ भगताची मूठ अजून मिटलेलीच होती. भीती अशी हात हलवत घरी जात नाही. माणसं हळूहळू सोनीपासून बाजूला सरकायला लागली. तिच्याभोवती मोकळी जागा झाली आणि त्यात ती पोराला छातीशी धरून एकटी उरली.

"सुकऱ्या गरीब पोर," एक बाई कुजबुजली. "त्याला ह्ये सुचंल? हिनंच लावलं त्याला."

"रातची टेकडाव हीच व्हती की," दुसरी म्हणाली.

सोनीनं माझ्याकडं बघितलं. मला ओरडायचं होतं, जमादारांना हाक मारायची होती, पण मी जागचा हललो नाही. मी भित्रा आहे, हे मला ठाऊक होतं. किती, ते तेव्हा कळलं. कोयतेवाला एकजण उठून तिच्याकडं चालू लागला.

मग चंद्री उठली. तीन दिवस उपाशी, पाय धड टेकत नव्हते, तरी ती त्या मोकळ्या जागेत शिरली आणि सोनीच्या हातातलं पोर तिनं आपल्या कमरेवर घेतलं. पोरानं तिचे केस धरले.

"कोन लागती गं ही तुझी?" कोयतेवाला तिच्यावर डाफरला. "कालच तुला भुताळी म्हनत व्हती."

"जाव लागती माझी," चंद्री म्हणाली. "हिचं नाव घेनार आसाल तर माझं आधी घ्या."

तिनं सोनीचा हात धरला आणि दोघी गर्दीतून चालत शेवटच्या झोपडीपर्यंत गेल्या. उंबऱ्यावरची राखेची रेघ चंद्रीनं पायानं पुसली. आत जाऊन तिनं कडी लावली.

देऊ भगतानं कान देऊन ती कडी ऐकली आणि मुठीतले तांदूळ फडक्यात परत बांधून टाकले.